रायटिंग सेंटरला सर्टिफिकेशन हवं का? (सीआरएलए, ट्यूटर आणि शाळा-कॉलेजातले अनुभव)

शब्दवेल

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी रायटिंग सेंटरचं काम बघते. इथे अमेरिकेत शिकणारी-शिकवणारी मंडळी आहेत, भारतातले प्राध्यापकही आहेत, म्हणून हा विषय तुमच्यापुढे ठेवतेय.

ज्यांनी रायटिंग सेंटर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विद्यार्थी आपला अर्धामुर्धा लिहिलेला पेपर घेऊन येतो आणि ट्यूटरबरोबर अर्धा-पाऊण तास बसतो. ट्यूटर बहुतेक वेळा दुसरा विद्यार्थीच असतो. पेपर दुरुस्त करून मिळत नाही. 1984 साली स्टीफन नॉर्थ यांनी एका लेखात ही भूमिका ठामपणे मांडली, की सेंटरने लिहिणारा घडवायचा, त्याचा कागद नव्हे. तो लेख आजही नव्या ट्यूटरला वाचायला देतात.

आता मुद्दा. दरवर्षी बजेटची वेळ आली की वरून प्रश्न येतो, "तुमचे ट्यूटर सर्टिफाइड आहेत का?" गणित आणि रसायनशास्त्राच्या ट्यूटरिंगला आमच्याकडे सीआरएलएचं सर्टिफिकेशन आहे, रायटिंग सेंटरला नाही. यंदा आम्ही अर्ज करतोय. मी पूर्ण विचार करून त्याच्या बाजूने आहे, पण डीनसाहेबांना ते ज्या कारणासाठी हवंय त्या कारणासाठी नाही.

सीआरएलए म्हणजे कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन. त्यांचा ट्यूटर-प्रशिक्षणाचा सर्टिफिकेशन कार्यक्रम 1989 पासून सुरू आहे. बहुतेकांचा इथेच घोळ होतो: ही संस्था कुठल्याही एका ट्यूटरला तपासत नाही, ती तपासते तुमचा प्रशिक्षणाचा कार्यक्रम. तो मान्य झाला की ट्यूटरला प्रमाणपत्र तुमचं सेंटर देतं. पातळ्या तीन आहेत. पहिलीला 10 तासांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष ट्यूटरिंगचे 25 तास लागतात. दुसरीला त्यावर तेवढेच आणि तिसरीला पुन्हा तेवढेच. म्हणजे तिसरी पातळी गाठलेल्या मुलाचे 30 तास प्रशिक्षणात आणि 75 तास विद्यार्थ्यांसमोर गेलेले असतात.

याशिवाय ट्यूटरची निवड कशी करता हे लिहून द्यावं लागतं (मुलाखत, प्राध्यापकांची शिफारस, विषयातले गुण). ट्यूटरचं नियमित मूल्यमापन करून ते त्यालाही सांगावं लागतं. मला विचाराल तर अख्ख्या अर्जात या शेवटच्या अटीची किंमत सगळ्यात जास्त आहे.

कारण मूल्यमापन करायचं तर कोणीतरी शेजारी बसून सेशन बघावं लागतं. मागच्या टर्मला अर्जाच्या तयारीसाठी मी एका ट्यूटरचं सेशन बघत होते. समोर नर्सिंगची विद्यार्थिनी, पेपर हात धुण्याच्या नियमांवर. ट्यूटर हुशार, इंग्रजी उत्तम. त्याने कागद स्वतःकडे ओढला, पेन काढलं आणि पाच मिनिटांत पहिला परिच्छेद झकास करून टाकला. मुलगी खूश, तोही खूश. नंतर आम्ही दोघं बसलो तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं की पेन कोणाच्या हातात होतं? पुढच्या आठवड्यात तीच मुलगी परत आली. या वेळी कागद तिच्यापुढे, पेन तिच्या हातात. त्याने तिला मोठ्याने वाचायला लावलं. तिसऱ्या वाक्यापाशी ती आपणहून थांबली आणि म्हणाली, "हे मी वर आधीच लिहिलंय." ट्यूटरने मान डोलावली आणि गप्प बसला. असं गप्प बसता येणं हे शिकवावं लागतं, आणि शिकवलं की येतं.

अट नसती तर मला त्याच्या शेजारी बसायला वेळच मिळाला नसता. सेंटरमधल्या इतर कामांपुढे हे काम कायम मागे पडतं.

तुमचे अनुभव लिहा. ट्यूटर म्हणून काम केलेलं कोणी असेल तर फारच छान.

---

वऱ्हाडी_पोर

ताई, छान धागा. मी अमरावतीचा, इथे एमएस करतोय. दोन विद्यापीठांत ट्यूटर म्हणून काम केलंय, पहिल्या ठिकाणी सर्टिफिकेशन नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी आहे. फरक सांगतो.

पहिल्या ठिकाणी "तुझं लिखाण चांगलं आहे, सोमवारपासून ये" एवढंच प्रशिक्षण. डब्ल्यूसीऑनलाइन या सॉफ्टवेअरवर अपॉइंटमेंट कशी बघायची आणि सेशननंतर रिपोर्ट कसा भरायचा ते दाखवलं, बस. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगा आला, पेपर वडिलांच्या आजारपणावर. वाचता वाचता रडायला लागला. मला काही सुचेना. कुठे पाठवायचं, पाठवायचं की नाही, मी काही बोलणं योग्य की नाही, काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलवरची सीनियर ट्यूटर उठून आली आणि तिने त्याला काउन्सेलिंग सेंटरपर्यंत सोबत केली.

दुसऱ्या ठिकाणी पहिल्या 10 तासांतच हा विषय होता. कोणाला कुठे पाठवायचं, स्वतः काय करायचं नाही, सगळं. प्रायव्हसीचंही तेव्हाच कळलं, 1974 च्या फेर्पा कायद्याप्रमाणे विद्यार्थ्याची माहिती बाहेर बोलायची नाही. मित्राला सहज सांगायचं नाही की तो अमुक माझ्याकडे येतो.

आणि पैशांचं. प्रशिक्षणाच्या तासांचा पगार मिळतो का, हे प्रत्येकाने आधी विचारून घ्या. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही आणि पगारी प्रशिक्षण त्यातच धरलं जातं. रिसर्चचं काम पण असेल तर हिशोब नीट लावा.

---

पोटोमॅककाठ

आम्ही व्हर्जिनियात आहोत. इकडे हायस्कूललाच रायटिंग सेंटर असतं, माझी मुलगी तिथे ट्यूटर आहे. अकरावी-बारावीची मुलं हा विषय म्हणून घेतात, वर्गात प्रशिक्षण होतं आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा मोकळ्या तासाला धाकट्या मुलांचे पेपर बघतात. वॉशिंग्टनच्या आजूबाजूच्या शाळांनी मिळून आधी कॅप्टा नावाची संघटना काढली होती, तिचीच पुढे एसएसडब्ल्यूसीए झाली, म्हणजे सेकंडरी स्कूल रायटिंग सेंटर्स असोसिएशन. त्यांच्या परिषदेत ही शाळकरी मुलं स्वतः सेशन घेतात. मी पालक म्हणून बघायला गेले होते. सोळा वर्षांची पोरं "नववीतल्या मुलाला न दुखावता कसं सांगायचं की त्याचा मुद्दाच अजून ठरलेला नाही" यावर बोलत होती. मला फार कौतुक वाटलं.

पण शाळेतल्या ट्यूटरसाठी सीआरएलएसारखं काही लागतं का? आमच्या इथल्या काही पालकांना ते कॉलेज अॅप्लिकेशनमध्ये लिहायला हवंय. माझं मत, नको. मुलगी आता घरी माझं ऑफिसचं ईमेल वाचते आणि विचारते, "आई, हे वाचून त्यांनी नक्की काय करावं असं तुला वाटतं?" हे तिला तिथे बसून बसून आलंय. त्यासाठी कागद नकोय मला.

---

खडूफळा

शब्दवेल, धागा वाचून आनंद झाला, पण माझा सूर वेगळा आहे, राग मानू नका.

मी महाराष्ट्रातल्या एका निमशहरी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. आमच्याकडे नॅक आहे, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद. 1994 ला ती परिषद स्थापन झाली, हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या पिढीच्या प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे. भेटीच्या आधी सहा महिने अध्यापन बाजूला. सेल्फ स्टडी रिपोर्ट, फायली, फोटो, उपस्थितीचे कागद, मागच्या तारखांचे इतिवृत्त. ग्रेड मिळाली की फायली कपाटात. जो विद्यार्थी अर्ज लिहायला घाबरत होता तो तसाच घाबरत राहतो.

म्हणून "मूल्यमापन हवं म्हणून सर्टिफिकेशन हवं" हे मला पटत नाही. चांगला माणूस अट नसतानाही शेजारी बसेल आणि जो बसणार नाही तो अट पूर्ण केल्याचा कागद तयार करेल. लायसन्स आहे म्हणून घाटात गाडी चालवता येतेच असं नाही.

दुसरं, आमच्याकडे खरी गरज सर्टिफिकेशनच्या कितीतरी आधीची आहे. बीए प्रथम वर्षाचा मुलगा दहावी-बारावीला निबंध पाठ करून आलेला असतो, मराठीतला पण आणि इंग्रजीतला पण. "माझे आवडते शिक्षक" आणि "प्रदूषण: एक समस्या" त्याला तोंडपाठ असतात. आपल्याला काय वाटतं ते चार वाक्यांत लिही म्हटलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो. त्याला कोणीतरी शेजारी बसून ऐकणारं हवंय. ते मराठीत असलं तरी चालेल, किंबहुना आधी मराठीतच असावं. अशोका विद्यापीठासारख्या ठिकाणी लेखन केंद्र आहे हे मी ऐकून आहे. तालुक्याच्या कॉलेजात ते कोण काढणार आणि कशाच्या जोरावर?

---

वऱ्हाडी_पोर

सर, निबंधाचं शंभर टक्के खरं. मी पण पाठ करूनच आलो. इथे पहिला पेपर लिहिताना "यू नीड अ क्लेम" (तुझा स्वतःचा एक दावा हवा) म्हणजे काय तेच कळत नव्हतं. ते मला रायटिंग सेंटरमध्येच कळलं, तेव्हा मी ट्यूटर नव्हतो, पेपर घेऊन जाणारा होतो.

---

मेपलची_सावली

मी सीआरएलएच्या विरोधात नाही, पण रायटिंग सेंटरवाले त्याच्याकडे थोडं हात राखून का बघतात ते सांगते. एक तर ते सर्व विषयांच्या ट्यूटरिंगसाठी आहे. सेशनची सुरुवात-शेवट कसा करायचा, ऐकायचं कसं, कोणाला कुठे पाठवायचं, वाङ्मयचौर्याबद्दल काय सांगायचं, हे सगळं आलं त्यात. पण दुसऱ्याचा ड्राफ्ट कसा वाचायचा, इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेल्या मुलाच्या चुकांमधून काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, हे तुम्हाला स्वतःहून घालावं लागतं. ते घातलं नाही तरी अर्ज मंजूर होऊ शकतो.

दुसरं म्हणजे 10 तास फारच कमी आहेत. ब्राउन विद्यापीठात 1982 साली रायटिंग फेलोज (एखाद्या वर्गाला जोडून दिलेले विद्यार्थी-ट्यूटर) सुरू झाले. विस्कॉन्सिन-मॅडिसनला पदवीची मुलं फेलो होताना तीन क्रेडिटचा पूर्ण सेमिनार करतात, म्हणजे अख्खं सेमिस्टर वाचन, चर्चा, स्वतःचं लिखाण आणि सोबत प्रत्यक्ष काम. त्यापुढे 10 तास म्हणजे ओळख-परेड. इंटरनॅशनल रायटिंग सेंटर्स असोसिएशन 1983 पासून आहे. त्यांच्या परिषदा, उन्हाळी शिबिरं यांतून सेंटर चालवणारे शिकतात. माझ्या मते ती वाट जास्त खोल आहे.

---

शब्दवेल

@मेपलची_सावली, मुद्दा मान्य. पण तो चार वर्षांच्या विद्यापीठाचा आहे. माझ्याकडे मुलं दोन वर्षं असतात. पहिल्या टर्मला स्वतःच सावरत असतात, दुसऱ्या टर्मला ट्यूटर होतात, चौथ्या टर्मला चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफरच्या तयारीत. त्यातली निम्मी बाहेर दुसरी नोकरी करतात. त्यांना तीन क्रेडिटचा सेमिनार घ्या म्हणजे त्याची फी भरा असं सांगणं मला जमत नाही. उलट आठवड्याला पाच तास काम करणाऱ्या मुलीचे 25 तास पाच आठवड्यांत होतात, आणि 10 तासांचं प्रशिक्षण मी पगार देऊन टर्मभर वाटून घेऊ शकते. शिवाय 10 ही किमान मर्यादा आहे, त्याहून जास्त घ्यायला कोणी अडवत नाही. दुसऱ्या भाषेतून लिहिणाऱ्यांचा विषय मी पहिल्याच पातळीत घातलाय, कारण आमच्याकडे व्हिएतनामी, सोमाली, स्पॅनिश बोलणारी मुलं रोज येतात.

@पोटोमॅककाठ, तुमच्या मुलीच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. शाळेत विषय म्हणून वर्षभराचं प्रशिक्षण मिळतंय, ते 10 तासांच्या किती पुढचं आहे बघा.

@खडूफळा सर, राग कसला! नॅकचं तुम्ही लिहिलंय ते माझ्या बहिणीकडून वर्षानुवर्षं ऐकतेय, तीही प्राध्यापिका आहे. पण एक फरक सांगते. नॅक वर्षानुवर्षं संपूर्ण कॉलेजला ग्रेड देत आली, त्यावर प्रतिष्ठा आणि निधी अवलंबून राहिला, म्हणून कागदाला एवढं बळ आलं. सीआरएलए ग्रेड देत नाही, क्रमवारी लावत नाही. इथे सर्टिफिकेशन नाही म्हणून कोणाचं सेंटर बंद होत नाही. अर्ज ऐच्छिक आहे, म्हणून खोटं लिहिण्यात फारसा फायदा नाही. कागद तयार करणारे इथेही असतील. पण ज्याला खरं काम करायचंय त्याच्या हातात ही अट एक हत्यार देते. मी डीनना सांगू शकते की ट्यूटरच्या प्रशिक्षणाचे तास पगारी धरले नाहीत तर कार्यक्रम टिकणार नाही. एरवी माझं कोण ऐकतं? मला ते हवंय ते त्या पगारासाठी आणि शेजारी बसण्याच्या त्या वेळेसाठी.

---

ऱ्हाइनवरून

जर्मनीतून थोडी भर. जर्मन भाषिक भागातलं पहिलं लेखन केंद्र 1993 मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठात सुरू झालं, नाव श्राइबलाबोर, म्हणजे लेखन-प्रयोगशाळा. आमच्या विद्यापीठात ट्यूटर व्हायचं तर आधी सेमिनार, मग अनुभवी ट्यूटरच्या सेशनला नुसतं बसून बघायचं, मग त्यांच्यासमोर स्वतः घ्यायचं, आणि शेवटी आपल्या कामावर एक लेखी टिपण द्यायचं. हे टिपण लिहिताना मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. शब्दवेल, तुमच्या अर्जात नसलं तरी हे घालाच.

अवांतर: हातातलं लिखाण पुढे ढकलत राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रात्रभर केंद्र उघडं ठेवायचं, ही कल्पना फ्रँकफुर्ट (ओडर) च्या वियाद्रिना विद्यापीठाने 2010 मध्ये आणली. आता अमेरिकेतली केंद्रंही करतात. कॉफी, ट्यूटर, मध्यरात्री थोडा व्यायाम. अशी रात्र आपल्याकडच्या हॉस्टेलवर फार रंगेल.

---

नवी_उमेद

एक प्रश्न. मला वैयक्तिक प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर? पुण्यात इंग्रजी शिकवते, पुढेमागे परदेशात रायटिंग सेंटरमध्ये काम करायचा विचार आहे.

---

शब्दवेल

@नवी_उमेद, सीआरएलएकडे एकट्याने अर्ज करून ट्यूटरचं प्रमाणपत्र मिळत नाही, मान्यताप्राप्त सेंटरमध्ये काम करावं लागतं. वैयक्तिक प्रमाणपत्रं वेगळ्या संस्था देतात. सेंटर चालवणाऱ्यांसाठी नॅशनल कॉलेज लर्निंग सेंटर असोसिएशनचं लर्निंग सेंटर लीडरशिप सर्टिफिकेशन आहे, त्याच्या चार पातळ्या आहेत. त्यात तुम्ही केलेल्या कामाचा, प्रशिक्षणाचा आणि अनुभवाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून सुरुवातीला नाही, चार-पाच वर्षं काम केल्यावर त्याचा उपयोग. नोकरीच्या दृष्टीने मनापासून सांगू? मी मुलाखती घेते तेव्हा प्रमाणपत्र बघते, पण प्रश्न विचारते ते सेशनबद्दल. "विद्यार्थी म्हणाला फक्त व्याकरण बघा, तर तुम्ही काय कराल?" याला जो आधी विद्यार्थ्याचंच म्हणणं ऐकून घेतो आणि मग बाकीच्या गोष्टींकडे हलकेच वळवतो, त्याला मी घेते.

---

सह्याद्रीकर

चॅटजीपीटी आल्यावर या सगळ्याचा काही उपयोग राहिलाय का? विद्यार्थी तिथूनच दुरुस्त करून घेतात. मनापासून विचारतोय.

---

मेपलची_सावली

@सह्याद्रीकर, 2022 च्या नोव्हेंबरनंतर आमच्याकडे सेशन बदलली, थांबली नाहीत. आता मुलं गुळगुळीत ड्राफ्ट घेऊन येतात. मी विचारते, "या परिच्छेदातलं कुठलं वाक्य तुझं आहे?" बऱ्याच वेळा मुलं एकच वाक्य दाखवतात आणि ते पेपरातलं सगळ्यात वेडंवाकडं, पण सगळ्यात जिवंत वाक्य असतं. मग आम्ही तिथून सुरुवात करतो. ट्यूटरला याचं प्रशिक्षण हवंच. आरोप न करता हा प्रश्न विचारणं सोपं नाही, आवाज जरा चढला तर मूल परत येत नाही. सर्टिफिकेशन हवं की नको यावर माझं मत थोडं बदललं ते याच विषयामुळे. नवीन ट्यूटरना हे कोणी शिकवलं नाही तर ते एकतर पोलीस होतात किंवा काणाडोळा करतात.

---

खडूफळा

शब्दवेल, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. ऐच्छिक असल्यामुळे कागदाचा जोर कमी होतो हा मुद्दा मी धरला नव्हता. सर्टिफिकेशनबद्दल माझी शंका पूर्ण गेलेली नाही, पण "पेन कोणाच्या हातात" हे डोक्यातून जात नाहीये.

मी प्राचार्यांशी बोललो. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल, दुपारी दीड ते साडेतीन, एमएच्या दोन विद्यार्थिनी आणि मी. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मानधनाचं बघतो म्हणालेत. नाव अजून ठरवलेलं नाही. मला एवढंच सांगा की पहिल्या दिवसापासून नोंद काय ठेवायची? नॅकसाठी नाही, आमच्यासाठी. आणि पुढे कधी सर्टिफिकेशन करायचं ठरलं तर ती चालेल अशी.

---

शब्दवेल

सर, किती छान! सीआरएलए अमेरिकेबाहेरच्या संस्थांचेही अर्ज घेते, पण आत्ता ते बाजूला ठेवा.

नोंदवही साधी शंभर पानी चालेल. तारीख, वेळ, विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ग, काय घेऊन आला (अर्ज, निबंध, प्रोजेक्ट). पुढे दोन रिकाम्या ओळी. पहिल्या ओळीत विद्यार्थ्याने आल्यावर काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत. दुसऱ्या ओळीत जाताना तो पुढे काय करणार आहे ते, तेही त्याच्याच तोंडून विचारून. या दोन ओळी ट्यूटरने सेशन संपल्यावर लगेच लिहायच्या, संध्याकाळी आठवून नाही. ही वही टेबलावर उघडी ठेवू नका, नावं आहेत त्यात.

दोघी मुलींच्या तासांची वेगळी वही. किती तास शिकल्या, काय शिकल्या, किती तास विद्यार्थ्यांसमोर बसल्या. पंधरा दिवसांतून एकदा तुम्ही शेजारी बसा, सेशनच्या मध्ये बोलू नका, आणि नंतर दोनच गोष्टी सांगा: एक जमलेली, एक पुढच्या वेळी करून बघायची. ते पण लिहून तिच्या सहीसकट ठेवा. आणि त्या दोघींनी पहिले काही दिवस एकमेकींचेच पेपर घेऊन सराव करावा, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं ते त्यांना कळेल.

दुपारी दीडला मुलं एसटीच्या घाईत नसतील ना, तेवढं बघून घ्या. आमच्याकडे बसची वेळ बघून वेळापत्रक बदललं तेव्हाच गर्दी वाढली.

---

खडूफळा

शेवटची एसटी पावणेपाचला आहे, म्हणून साडेतीन ठेवलंय. सोमवारी सुरू करतोय. पहिल्या महिन्याचं इथेच लिहीन.